चंचल मुलांना सवंगडी हवेत

जून महिना उजाडला की गुजरातेत ‘शाळा प्रवेशोत्सवा’ची धामधूम सुरू होते. २००३ सालापासून चालत आलेल्या या उपक्रमात मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सारे शाळांच्या दारी जातात, पहिलीत पाऊल टाकणाऱ्या बालकांचे कौतुक करतात, त्यांच्या हाती दप्तर देतात. मूल शाळेत आले पाहिजे, ही त्यामागील तळमळ स्तुत्यच आहे. परंतु उत्सवाचा मांडव उतरला, पाहुणे परतले, पावसाळा सरला, म्हणजे त्याच वर्गांत काही मुलांच्या वाट्याला जे येते ते पाहावयास कोणी येत नाही. हे मूल जागेवर ठरत नाही. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडते, शेजाऱ्याची पेन्सिल ओढते, खेळात आपली पाळी येण्यापूर्वीच धाव घेते आणि हरले की डाव उधळून टाकते. गुरुजी त्याला पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर आणि तेथून वर्गाच्या दाराबाहेर बसवतात. मुले त्याला खेळात घेईनाशी होतात. घरी तक्रार जाते, पाठीवर धपाटे बसतात आणि ‘वांड’, ‘द्वाड’, ‘उनाड’ यांपैकी एखादे विशेषण त्याला कायमचे चिकटते. ज्याचे स्वागत दारात झाले त्याची पाठवणीही त्याच दारातून होऊ लागते!

वैद्यकशास्त्र या अवस्थेला ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ असे म्हणते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एडीएचडी’ हे नाव रूढ झाले आहे. ‘आमच्या वेळी नव्हते हो असले आजार’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. जेवणाच्या टेबलाशी क्षणभर स्वस्थ न बसणाऱ्या फिलिप नावाच्या पोराची गोष्ट हाइनरिश हॉफमान या जर्मन डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच लिहून ठेवली. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली आणि बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरण्याची शक्ती त्यांच्यात उणी असते, असे प्रतिपादन केले. आजचे नाव १९८७ सालचे असले, तरी दुखणे जुनेच आहे. जगभरच्या पाहण्यांचा गोषवारा काढला तर शंभर मुलांमागे सुमारे पाच मुले अशी आढळतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने दोन. हा दोष आईच्या लाडाचा नव्हे आणि बापाच्या धाकाच्या अभावाचाही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीशी त्याचा संबंध आहे आणि बहुतांशी तो अनुवंशाने येतो. मुलग्यांत तो अधिक दिसतो. मुलींत तो पुष्कळदा दिसतच नाही. कारण अशी मुलगी दंगा करीत नाही, खिडकीबाहेर पाहत निमूट बसते आणि तिच्या नावापुढे ‘मठ्ठ’ असा शेरा पडून प्रकरण मिटते.

हा विषय काढताना आम्ही सुरतेकडे बोट का दाखवितो, असा प्रश्न वाचकांना पडेल. सुरत म्हटले की आम्हां मराठी माणसांना १६६४ आणि १६७० आठवते, आणि तेथेच आमचे सुरतेविषयीचे ज्ञान संपते. वस्तुतः आजच्या सुरतेत मराठी माणूस घोड्यावरून नव्हे, रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून उतरतो. तापी ज्या वाटेने वाहत जाते त्याच वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे उधना-जळगाव लोहमार्गाने पोटासाठी समुद्राकडे गेली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत ती स्थिरावली. माग, रंगाई, छपाई यांच्या कामात त्यांचा घाम जिरला. २०११च्या जनगणनेत गुजरातेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे नऊ लाख भरली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालविते, ही गोष्ट त्या नगरीला भूषणावह आहे. इतर कित्येक शहरांनी तिच्यापासून धडा घ्यावा.

परंतु या शाळांतून बसणाऱ्या मुलाचे दिवसमान कसे असते? यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, दिवसाची आणि रात्रीची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा एका खोलीत झोपलेला. आवाज करशील तर खबरदार, हा आईचा पहिला नियम. आई साड्यांना टिकल्या लावण्याचे, धागे कापण्याचे काम घरी घेऊन बसलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. या परिस्थितीमुळे एडीएचडी होतो असे कोणी समजू नये. तो बंगल्यातही होतो. पण बंगल्यातल्या मुलाला धावायला अंगण असते, त्याच्या वडिलांपाशी तज्ज्ञाकडे नेण्याइतका पैसा आणि वेळ असतो. चाळीतल्या मुलाला यांतले काहीच नसते. तेच दुखणे, पण एकाला उपचार आणि दुसऱ्याला मार. हा न्याय नव्हे.

आता मुख्य मुद्दा. अशा मुलाचे सर्वांत मोठे नुकसान कोणते, असे विचारले तर पालक सांगतील, अभ्यासाचे. गुरुजी सांगतील, शिस्तीचे. आमच्या मते ते सवंगड्यांचे आहे. अमेरिकेत या विकाराच्या मुलांच्या मैत्रीचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक मुले वर्गमित्रांनी नाकारलेली आढळली, आणि ज्याला आपण मित्र म्हणावे व त्यानेही आपल्याला मित्र म्हणावे असा एकही सोबती निम्म्याहून अधिक मुलांना नव्हता. गुण कमी पडले तर पुढच्या वर्षी भरून काढता येतात. आठव्या-नवव्या वर्षी ज्याला कोणी खेळात घेतले नाही, त्याचे ते वर्ष कोण परत देणार? एकट्या पडलेल्या मुलाला शाळा नकोशी होते. शाळा नकोशी झाली की कारखान्याचे दार दूर नसते. आणि तेही नको वाटले तर नाक्यावरची टोळी त्याला आनंदाने सामावून घेते. शाळेने नाकारलेल्याला कोणी ना कोणी स्वीकारतेच. फक्त तो कोण, हे ठरविणे मग आपल्या हाती राहत नाही.

या ठिकाणी गट-समुपदेशनाचा विचार येतो. चारचौघांत कसे वागावे हे बहुतेक मुले पाहून पाहून शिकतात. चंचल मुलाला नियम ठाऊक असतो, पण ऐन वेळी तो आठवण्याइतकी सवड त्याचे मन त्याला देत नाही. म्हणून सहा-आठ समवयस्क मुलांचा एक गट करावयाचा, आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसवावयाचे आणि हे क्रम दहा-बारा आठवडे चालवावयाचे. दर खेपेस एकच गोष्ट घ्यावयाची : चाललेल्या खेळात आपण कसे शिरावे, दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत कसे थांबावे, हरल्यावर काय म्हणावे, कोणी चिडवले तर हात उगारण्यापूर्वी काय करावे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन कसे ओळखावे. ती आधी समुपदेशकाने करून दाखवावयाची, मग मुलांनी नाटकासारखी करून पाहावयाची, मग प्रत्यक्ष खेळात वापरावयाची. जमले की तेथल्या तेथे शाबासकी. चुकले तर शिक्षा नाही, पुन्हा एकदा. आईबापांनाही त्याच सुमारास एकत्र बसवून या आठवड्यात मुलाकडून काय करवून घ्यावयाचे ते सांगावयाचे. यात गूढ असे काही नाही, पण चिकाटी मात्र फार लागते.

त्यासाठी परदेशी खेळण्यांचीही गरज नाही. आमचा खो-खोच पाहा. पाठोपाठच्या गड्यांनी विरुद्ध दिशांना तोंडे करून रांगेत बसावयाचे; पळणारा हाताच्या अंतरावरून गेला तरी उठावयाचे नाही; पाठीमागून ‘खो’ मिळाला की त्याच क्षणी सुटावयाचे, आणि एकदा धरलेली दिशा बदलावयाची नाही. आवेग आवरणे आणि योग्य क्षणी मोकळा सोडणे, यासाठी याहून उत्तम पाठ कोणत्या पाश्चात्त्य पुस्तकात सापडेल? सापशिडीत नव्व्याण्णवाच्या तोंडाशी येऊन खाली घसरलेल्या मुलाला फासे न फेकता पुढची पाळी थांबता आले, तर तो मोठा विजय समजावा. लगोरी, लंगडी, कॅरम ही सारी याच शाळेची पाठ्यपुस्तके आहेत.

तथापि या उपायाचा डंका पिटून आम्ही वाचकांची दिशाभूल करू इच्छित नाही. वैद्यकीय पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने एडीएचडीच्या मुलांना दिलेल्या सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणाचा २०१९ साली पुन्हा आढावा घेतला. पंचवीस चाचण्या तपासून निष्कर्ष निघाला तो असा की, या प्रशिक्षणाने लक्षणीय लाभ होतो असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. दवाखान्याच्या खोलीत अनोळखी मुलांबरोबर शिकलेली रीत मूल तेथेच ठेवून येते. ज्या वर्गात त्याची अपकीर्ती झाली आहे तेथे त्याचे बाकीचे सोबती तेच असतात, गुरुजींची नजर तीच असते. मूल बदलले तरी त्याच्याविषयीचे मत बदलत नाही, आणि ज्याला कोणी संधीच देत नाही त्याने शिकलेले वापरावे कोठे?

याच विचाराने मानसशास्त्रज्ञ अमोरी मिकामी यांनी निराळी वाट धरली. त्यांनी एका प्रयोगात आईबापांना मुलाची मैत्री जुळवून देण्याचे शिक्षण दिले : कोणाला घरी बोलवावे, काय खेळावयास द्यावे, कुठे मध्ये पडावे आणि कुठे गप्प राहावे. दुसऱ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनी शिक्षकांना हाती धरले. नाकारलेल्या मुलाचे गुण वर्गासमोर मोठ्याने सांगावेत, कोणालाही खेळातून वगळू नये असा नियम साऱ्या वर्गाला घालावा, शिक्षकाने स्वतः त्या मुलाशी जिव्हाळा दाखवावा, अशी ती पद्धत. केवळ मुलाची वागणूक सुधारण्यावर भर देणाऱ्या पद्धतीपेक्षा या वर्गांत त्या मुलांना मित्र अधिक लाभले आणि त्यांना नापसंत करणारे घटले. तात्पर्य, एकट्या मुलाला सुधारून भागत नाही. त्याच्याभोवतीचे रिंगणही सुधारावे लागते. गटही केवळ ‘बिघडलेल्या’ मुलांचा नसावा. त्यात वर्गातील दोन-चार समंजस मुले असावीत, नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याला लागण्याचा धोका असतो.

हे सत्य सांगावयास आम्हांला सातासमुद्रापलीकडे जावे लागावे, याचीच आम्हांस खंत वाटते. सुरतेहून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, गुजरातच्या सीमेला लागून, बोर्डी नावाचे गाव आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचा यज्ञ चालविणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. शाळेत मुले येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना देशाला मिळाली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्या शाळा कुरणावर घेऊन गेल्या. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांच्या पुण्याईतून जन्मलेला हा वारसा आहे. जे ताराबाईंनी अक्षरओळखीच्या बाबतीत केले तेच आज समुपदेशनाच्या बाबतीत करावयाचे आहे. मुलाने समुपदेशकाच्या दारी जावे, ही अपेक्षा सोडून समुपदेशकाने मुलाच्या वर्गात आणि अंगणात यावे.

यासाठी नवा कायदा नको, नवे खातेही नको. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. चंचल मुलाला महिनोन्महिने दाराबाहेर बसविणे हा छळ नव्हे काय? २०१३च्या फेब्रुवारीत आमच्याच किनाऱ्यावरील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमान्वये आरोग्यपथकाने सरकारी शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते, आणि तपासावयाच्या अवस्थांच्या यादीत एडीएचडीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. सुरतेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यू सिव्हिल रुग्णालय आहे, महानगरपालिकेचे स्वतःचे ‘स्मीमेर’ आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. कागदावर साखळी पुरी आहे. मात्र दात, डोळे आणि वजन पाहून धावतपळत निघून जाणाऱ्या पथकाला पाच मिनिटांत चंचलता कशी कळणार? ती कळते रोज सहा तास त्या मुलाबरोबर असणाऱ्या शिक्षकाला. म्हणून साखळीची पहिली कडी शिक्षक हीच असली पाहिजे, आणि त्याला त्याचे शिक्षण दिले गेले पाहिजे.

तेव्हा सुरत महानगरपालिकेकडे आमचे मागणे मोजकेच आहे. आठ-दहा शाळांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याने शाळेच्या वेळेतच, शाळेच्याच खोलीत गट चालवावेत. ते मुलाच्या भाषेत चालावेत. कारण राग, लाज, भीती, मत्सर यांची नावे माणूस मातृभाषेतच शिकतो, आणि ज्या भावनेला नाव देता येत नाही तिला आवर घालणे अवघड असते. मराठी शाळांसाठी मराठी, आणि शक्य तेथे अहिराणी जाणणारा माणूस घ्यावा. शहरातील महाविद्यालयांत मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यात जाणत्यांच्या देखरेखीखाली कामाला लावता येईल. पालकांच्या सभा पाळ्यांचे वेळापत्रक पाहून ठेवाव्यात. बारा तास मागाशी उभ्या राहणाऱ्या बापाला दुपारी तीनला बोलावून तो आला नाही म्हणून नावे ठेवण्यात अर्थ नाही. मागांच्या मालकांनी अशा सभेसाठी महिन्यातून दोन तासांची पगारी सवड दिली तर त्यांच्या व्यवसायाला खार लागणार नाही.

औषधांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. काही मुलांना ती लागतात आणि तज्ज्ञाने नीट देखरेखीखाली दिली तर उपयोगी पडतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, चंचलता आणि अवधान यांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा परिणाम केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक दिसला. मात्र चारचौघांतील वागणूक आणि आईबापांशी नाते या बाबतींत दोहोंच्या जोडीचा काही लाभ आढळला. औषध मुलाला थांबावयास वेळ देते. त्या वेळात काय करावे हे त्याला माणसांनीच शिकवावे लागते. म्हणून औषधाला सरसकट विष म्हणणारे आणि गोळी देऊन मोकळे होणारे, दोघेही मुलाचे अहितच करतात.

उलट बाजूचा धोकाही आम्ही नजरेआड करीत नाही. प्रत्येक खोडकर मुलावर विकाराचा शिक्का मारण्याची घाई नको. अमेरिकेत दहांत एकाहून अधिक मुलांना हे निदान मिळाले आहे, आणि त्याबद्दल तेथेही चिंता व्यक्त होते. अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळले की, वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का अधिक पडतो. म्हणजे कोवळेपणालाच आजार समजण्याची चूक घडते. सहा वर्षे पुरी झाल्याविना पहिलीत प्रवेश नाही, असा नियम गुजरातने २०२३पासून लागू केला, तो या दृष्टीनेही हितकर आहे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत, निदान सहा महिने टिकली पाहिजेत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळली पाहिजेत, अशी निदानाची कसोटी आहे. ती तज्ज्ञाने लावावयाची असते. शेजारणीने वा शिक्षकाने नव्हे. पण एक गोष्ट ध्यानी घ्यावी. थांबावयास, वाट पाहावयास, हरावयास शिकविणारा गट निदान न झालेल्या मुलालाही अपाय करीत नाही. शिक्का नाकारावा, मदत नाकारू नये.

आणि सुरतेला उपदेश करताना आम्ही आमचे घर विसरत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यापर्यंत आमच्या किनाऱ्यावर कितीशा शाळांत समुपदेशक आहे? मुंबई-ठाण्यात तज्ज्ञ आहेत, पण राजापूरच्या वा देवगडच्या आईने मुलाला दर आठवड्यास तेथे कसे न्यावे? जो उपाय शहराच्या चार रस्त्यांपलीकडे जात नाही तो उपाय नव्हे, ती चैन आहे. सुरतेच्या मराठी शाळांतून हा प्रयोग यशस्वी झाला तर तापीच्या मुखाकडून सबंध किनाऱ्याला धडा मिळेल.

आमच्या संतांनी काल्याच्या अभंगांतून गोकुळातल्या मुलांचे जे चित्र रंगविले, त्यात पेंद्या आहे, वाकड्या आहे, बोबड्या आहे. कोणाचा पाय अधू, कोणाची जीभ जड. त्यांतल्या कोणालाही यमुनेच्या वाळवंटातील खेळातून कृष्णाने बाहेर काढले नाही. सर्वांची शिदोरी एकत्र करूनच काला झाला. गोकुळाष्टमीला आम्ही उंचच उंच थर लावतो आणि त्यांची बक्षिसे वृत्तपत्रांतून छापतो. परंतु त्या कथेचा अर्थ हंडीच्या उंचीत नाही. आपल्या वर्गातील पेंद्या कोण, आणि आज त्याला खेळात घेतले की नाही, हा प्रश्न ज्या शाळेत रोज विचारला जाईल, तेथेच खरा प्रवेशोत्सव झाला असे म्हणता येईल.